यांत्रिक मस्तक, बोलके

माणसाच्या अथवा प्राण्याच्या डोक्याची प्रतिकृती करून तिचा जबडा, ओठ, पापण्या, बुबुळे, मान इ. भाग ध्वनिमुद्रित किंवा कृत्रिम रीत्या निर्माण केलेल्या वाणीच्या तालावर हलविणाऱ्या यंत्रणेस बोलके यांत्रिक मस्तक म्हणतात. करमणूक उद्याने, संग्रहालये, चित्रपट, उत्सवांतील देखावे व खेळणी यांत अशी मस्तके वापरतात. त्यांतील आवाज ध्वनिक्षेपकातून येतो. मुखाची हालचाल आवाज निर्माण करीत नाही, ती आवाजाला केवळ साथ करते. म्हणून हालचाल घडविणारे विद्युत् चलित्र अडकले, तर आवाज चालूच राहतो व मुख मात्र मिटलेले वा अर्धवट उघडे राहते. या यंत्रणेतील हा नेहमी आढळणारा दोष होय. तो क्षुल्लक वाटला, तरी विद्युत् पुरवठा चालू असताना दुर्लक्षिला गेल्यास चलित्र जळणे, आवरण वितळणे व प्रसंगी आग लागणे येथपर्यंत त्याचे परिणाम जाऊ शकतात.

इतिहास : बोलक्या मस्तकांचे जुने प्रयत्न वाणीच यंत्राने निर्माण करण्याचे होते. फ्रान्समधील आबे मिकाल यांनी १७८३ च्या सुमारास पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे दोन बोलकी मस्तके मांडली. व्होल्फगांग फोन केंपेलेन यांनी भाता, कंप पावणारी पट्टी व मुखाच्या जागी लवचिक नरसाळे यांच्या साहाय्याने शब्द उच्चारणारे यंत्र तयार केले आणि १७९१ मध्ये ग्रंथरूपाने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. योझेफ फाबर यांचे ‘यूफोनिया’ हे स्त्रीमुख लावलेले व पट्ट्या दाबून बोलविण्याचे यंत्र १८४६ मध्ये लंडनमध्ये दाखविण्यात आले होते. टॉमस एडिसन यांनी १८७७ मध्ये फोनोग्राफचा शोध लावल्यावर मात्र आवाज साठविणे शक्य झाले व मस्तकाकडे केवळ अभिनयाचे काम उरले.

वॉल्ट डिझ्नी यांच्या संस्थेने १९६३ मध्ये कॅलिफोर्नियातील डिझ्नीलँडमध्ये गाणाऱ्या व बोलणाऱ्या यांत्रिक पक्ष्यांचे दालन उघडले आणि १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक जत्रेत अब्राहम लिंकन यांचा भाषण करणारा पुतळा सादर केला. यानंतर ही कला उद्योगाच्या पातळीवर पोहोचली. १९८५ मध्ये बाजारात आलेल्या ‘टेडी रक्सपिन’ या अस्वलाच्या कॅसेटमधील एका मार्गिकेवर आवाज व दुसरीवर चलित्रांसाठीचे संकेत मुद्रित केलेले असत. १९९८ मधील ‘फर्बी’ या खेळण्यात डोळे, कान व चोच यांच्या हालचाली एकाच चलित्राने कॅमांच्या साहाय्याने घडविल्या जात.

महाराष्ट्रात बोलक्या बाहुल्यांची परंपरा शब्दभ्रमकारांनी रूढ केली. य. के. पाध्ये व त्यांचे पुत्र रामदास पाध्ये यांच्यामुळे लोकप्रिय झालेला ‘अर्धवटराव’ हे तिचे प्रसिद्ध उदाहरण होय. शब्दभ्रमाच्या बाहुलीचा जबडा कलावंत हाताने चालवितो. जबडा कोठे अडला तर ते त्याच्या बोटांना तत्क्षणी जाणवते व तो हात सैल सोडतो. चलित्राला अशी संवेदना नसते. अडथळा आला की ते अधिक प्रवाह घेऊन अधिकच जोर लावते. यांत्रिक मस्तकातील बहुतेक बिघाडांचे मूळ या एका भेदात आहे.

रचना : लहान मस्तकात ३ ते ६ व्होल्ट दाबावर चालणारे, कायम चुंबक असलेले एकदिश प्रवाहाचे चलित्र असते. त्याच्या आर्मेचरवर बहुधा तीन गुंडाळ्या असून दिक्परिवर्तक व ब्रश यांच्यामार्फत त्यांना प्रवाह मिळतो. चलित्राची गती जबड्याच्या मानाने फार मोठी असते. उदा., चलित्र मिनिटास ९,००० फेरे घेत असेल, तर ते सेकंदास १५० फेरे होतात. जबडा सेकंदास ५ वेळा उघडावयाचा व मिटावयाचा असल्यास ही गती ३० पटींनी कमी करावी लागते. पाचास एक व सहास एक अशा दंतचक्रांच्या दोन जोड्यांनी ते साधते. गती ज्या प्रमाणात घटते, त्याच प्रमाणात (घर्षणाचा व्यय वगळता) पीडन परिबल म्हणजे फिरविण्याचा जोर वाढतो. त्यामुळे बोटाने सहज थांबविता येणारे इवलेसे चलित्र दंतचक्रमालेच्या शेवटच्या टोकाला प्लॅस्टिकचा दाता मोडण्याइतका जोर लावू शकते.

शेवटच्या दंतचक्रापासून जबड्यापर्यंत गती नेण्याच्या तीन पद्धती रूढ आहेत. पहिलीत चलित्र जबडा फक्त उघडते व स्प्रिंग तो मिटविते. दुसरीत फिरता कॅम वा भुजा जबड्याला वरखाली नेते. तिसरीत सर्व्हो हे स्वतःची स्थिती जाणणारे चलित्र वापरतात [→ सेवा यंत्रणा]. मस्तकात कोणती पद्धत आहे हे ओळखल्याशिवाय तपासणीला हात घालू नये, कारण एकच लक्षण प्रत्येक पद्धतीत वेगळ्या दोषाचे निदर्शक असते. पहिल्या पद्धतीत प्रत्येक शब्दावयवाला जबडा अटकावास टेकून चलित्र क्षणभर थांबतेच. म्हणजे थांबणे हा स्वतः दोष नव्हे. थांबून राहणे हा दोष होय. याच पद्धतीत स्प्रिंग तुटली किंवा सैल पडली, तर जबडा उघडा राहतो व चलित्र अडकल्याचा भास होतो. प्रत्यक्षात चलित्र निर्दोष असते.

अडकलेल्या चलित्राची विद्युतीय स्थिती : फिरणारे चलित्र स्वतः काही प्रमाणात जनित्रासारखे वागते व पुरवठ्याच्या विरुद्ध दिशेने विद्युत् दाब निर्माण करते. हा विरोधी दाब गतीच्या प्रमाणात असतो व प्रवाहाला मर्यादा घालतो. चलित्र थांबले की तो शून्य होतो आणि प्रवाहाला गुंडाळीच्या रोधाखेरीज दुसरा अडसर उरत नाही. समजा, पुरवठा ६ व्होल्ट व गुंडाळीचा रोध ३ ओहम आहे. नेहमीच्या भारावर प्रवाह ०·४ अँपिअर असल्यास गुंडाळीत (०·४)² × ३ म्हणजे सु. अर्धा वॉट उष्णता निर्माण होते. चलित्र अडकल्यावर प्रवाह २ अँपिअर व उष्णता १२ वॉट होते, म्हणजे उष्णता २५ पट वाढते. शिवाय पंख्यासारखी हवा खेळविणारी घूर्णनगतीही थांबलेली असते. तारेवरील रोगणाचा निरोधक थर करपतो, वेढे एकमेकांस चिकटून मंडलसंक्षेप होतो, ब्रश धरून ठेवणारे प्लॅस्टिक मऊ पडते व ब्रश जागचे सरकतात. मूळ अडथळा नंतर दूर केला, तरी असे चलित्र पूर्ववत होत नाही.

लक्षणे : पुरवठा चालू करून दोन-तीन सेकंदच निरीक्षण करावे व लगेच बंद करावा. तेवढ्यात पुढीलपैकी एखादे लक्षण आढळते. (१) चलित्र पूर्ण निःशब्द असेल व गरमही होत नसेल, तर त्याला प्रवाहच मिळत नाही किंवा त्याचे ब्रश वा गुंडाळी खंडित आहे. (२) बारीक गुणगुण ऐकू येते, बॅटरीवरील दिवा मंद होतो वा आवाज खरखरतो, पण हालचाल होत नाही. येथे चलित्राला प्रवाह मिळत आहे व अडथळा यांत्रिक आहे. (३) चलित्र वेगाने फिरल्याचा आवाज येतो, पण जबडा स्थिर राहतो. दंतचक्र आसावर घसरत आहे, दाते झिजले आहेत किंवा जोडदांडा निसटला आहे. (४) ठरावीक अंतराने टकटक आवाज येतो; एखादा दाता तुटला आहे, अथवा संरक्षणासाठी बसविलेला घसरता क्लच आपले काम करीत आहे. (५) जबडा एकाच दिशेने जातो व परतत नाही. परतीची स्प्रिंग, मर्यादा-स्विच किंवा दिशा बदलणारे मंडल यांत दोष आहे. (६) हालचाल सुरू होताच वाणी खंडित होऊन कार्यक्रम पहिल्यापासून सुरू होतो. चलित्राच्या वाढलेल्या प्रवाहाने दाब कोसळून सूक्ष्मप्रक्रियक पुनःपुन्हा आरंभस्थितीत जात आहे.

तपासणीचा क्रम : तपासणी सोप्याकडून अवघडाकडे व बाहेरून आत न्यावी. चलित्र काढून नवे बसविणे ही शेवटची पायरी होय. चलित्र थांबले म्हणून चलित्रच बिघडले असे गृहीत धरले जाते, परंतु मूळ कारण घट्ट झालेले वंगण किंवा वाकडा जोडदांडा असेल, तर नवे चलित्रही थोड्याच दिवसांत जुन्याच्या मार्गाने जाते.

प्रथम विद्युत् पुरवठा तपासावा. भाराविना मोजलेला दाब फसवा असतो. चार घटांचा दाब मोजताना ६ व्होल्ट भरला, तरी जुनेपणामुळे व गंजलेल्या स्पर्शकांमुळे मार्गातील एकूण रोध १ ओहम झाला असल्यास वरील चलित्राला सुरुवातीस २ ऐवजी १·५ अँपिअरच प्रवाह मिळतो व त्याच्या टोकांवर ४·५ व्होल्टच पडतात. पीडन परिबल प्रवाहाच्या प्रमाणात असल्याने आरंभीचा जोर एक-चतुर्थांशाने घटतो आणि निर्दोष यंत्रणाही अडकल्यासारखी वाटते. म्हणून दाब चलित्राच्या टोकांशी व चलित्राला प्रवाह जात असतानाच मोजावा.

दुसऱ्या पायरीत पुरवठा तोडून जबडा हलका हाताने हलवून पाहावा. जोर लावू नये. मळसूत्री दंतचक्र वापरले असल्यास जबड्याच्या बाजूने यंत्रणा फिरतच नाही. तो दोष नसून त्या दंतचक्राचा गुणधर्म आहे. अशा वेळी चलित्राचा आस बोटांनी फिरवावा. संपूर्ण आवर्तनात एकाच जागी जड लागत असेल, तर मोडका दाता, वाकलेला आस किंवा मध्ये सापडलेला त्वचेचा चुणा असा स्थानिक अडथळा समजावा. सर्वत्र सारखेच जड लागत असेल, तर घट्ट झालेले वंगण, आवळलेले स्क्रू किंवा धारव्यातील मळ यांचा संशय घ्यावा.

तिसऱ्या पायरीत जोडदांडा सोडवून जबडा व दंतचक्रमाला एकमेकींपासून अलग कराव्यात. जबडा मोकळा होऊन सहज हलला व चलित्र दंतचक्रांसह नीट फिरले, तर दोष त्यांच्या जोडणीत किंवा त्वचेच्या ताणात आहे. चलित्र दंतचक्रांसह न फिरता एकटे फिरले, तर दोष दंतचक्रांत आहे. एकटेही न फिरल्यास दोष चलित्रात किंवा त्याच्या मंडलात आहे. दर पायरीला संशयाचे क्षेत्र निम्म्याने कमी करीत जाणे, हे या पद्धतीचे सूत्र होय.

चौथ्या पायरीत चलित्राच्या तारा नियंत्रण मंडलापासून सोडवून त्याला स्वतंत्र पुरवठा द्यावा. ते फिरले तर मंडल तपासावे. न फिरल्यास आस थोडाथोडा फिरवीत टोकांमधील रोध मोजावा. त्रिकोणी जोडणीच्या तीन गुंडाळ्यांपैकी प्रत्येकीचा रोध सारखा असल्यास दिक्परिवर्तकाच्या कोणत्याही दोन पट्ट्यांमधील रोध एका गुंडाळीच्या रोधाच्या दोन-तृतीयांश येतो. एक गुंडाळी तुटली, तर दोन जागी तो एका गुंडाळीइतका व एका जागी तिच्या दुप्पट येतो. रोध कोठे अनंत येत असल्यास ब्रशाचा स्पर्श होत नाही असे समजावे.

दिशा बदलण्यासाठी सामान्यतः चार ट्रँझिस्टरांचा सेतू वापरतात. त्यातील समोरासमोरच्या एका जोडीमुळे चलित्र सुलट व दुसरीमुळे उलट फिरते. चलित्र एकाच दिशेने फिरत असेल, तर दुसऱ्या जोडीतील ट्रँझिस्टर जळाला असण्याचा संभव असतो. तो जळण्यामागे बहुधा दीर्घकाळ अडकून राहिलेले चलित्रच असते. म्हणून यांत्रिक अडथळा दूर केल्यावाचून ट्रँझिस्टर बदलू नये. काही मस्तकांत मुख्य कॅम आरंभस्थानी आल्याची वर्दी देणारा स्विच किंवा प्रकाशसंवेदक असतो. तो धुळीने झाकला गेल्यास यंत्रणेला आपले स्थान कळत नाही. ती ते शोधत राहते व अखेरीस थांबते. येथे चलित्र व दंतचक्रे दोन्ही निर्दोष असतात.

नेहमीची यांत्रिक कारणे : चलित्राच्या आसावर दाबून बसविलेले पिनियन हे प्लॅस्टिकचे लहान दंतचक्र कायम ताणाखाली असते व काही वर्षांनी त्याला आसाच्या दिशेने चीर पडते. चिरेजवळच्या दोन दात्यांमधील अंतर वाढते आणि समोरच्या चक्राचा दाता प्रत्येक फेऱ्यात तेथे अडकतो. चीर केसासारखी बारीक असल्याने ती भिंगातूनच दिसते. चिकटद्रव्याने असे पिनियन टिकाऊ रीत्या दुरुस्त होत नाही. तितक्याच दात्यांचे व त्याच मापाचे नवे पिनियन बसवावे.

जुने वंगण मेणासारखे घट्ट होते. ते काढून नवे अगदी थोडे लावावे. खनिज तेलांमुळे काही प्लॅस्टिकांना तडे जातात, म्हणून प्लॅस्टिकला मानवणारे वंगण निवडावे. सिलिकोन वंगण दंतचक्रांना चालते, परंतु ते ब्रश व स्विचांच्या स्पर्शकांपासून दूर ठेवावे. ठिणगीच्या उष्णतेने त्याच्या बाष्पापासून स्पर्शकावर वीजनिरोधक थर साचतो.

मुखावरील त्वचा हा पुष्कळदा दुर्लक्षित राहणारा भाग आहे. नैसर्गिक रबराच्या चिकापासून केलेली त्वचा हवेतील ऑक्सिजन व ओझोन यांमुळे काळांतराने ताठ होते. जबडा जितका उघडावा तितका तिचा ताण वाढतो. परिणामी मस्तक थोडे तोंड उघडते व तेथेच थबकते. त्वचा काढून यंत्रणा चालविली की हा दोष लगेच उघड होतो.

सर्व्होमधील दोष : सर्व्होत चलित्र, दंतचक्रे, स्थिती मोजणारा पोटेन्शिओमीटर व तुलना करणारे मंडल एकत्र असतात. त्याला सु. २० मिलिसेकंदांच्या अंतराने स्पंद दिले जातात. स्पंदाची रुंदी सामान्यतः १ ते २ मिलिसेकंद असून १·५ मिलिसेकंदाला भुजा मध्यावर येते. आज्ञा केलेली व प्रत्यक्ष स्थिती यांत फरक असेतोवर मंडल चलित्राला प्रवाह देत राहते. जबडा अटकावाला टेकल्यावरही कार्यक्रम त्याला आणखी उघडण्याची आज्ञा देत असेल, तर हा फरक कधीच मिटत नाही. सर्व्हो गुणगुणत तापत राहतो. हा दोष यंत्राचा नसून जुळणीचा आहे. भुजा सोडवून सर्व्हो मध्यावर आणावा, मग भुजा बसवावी व दोन्ही टोकांच्या मर्यादा अटकावाच्या किंचित अलीकडे ठरवाव्यात. आज्ञा स्थिर असताना भुजा थरथरत असेल, तर झिजलेला पोटेन्शिओमीटर किंवा अपुरा पुरवठा हे कारण असते.

जुळणी व चाचणी : खोलण्यापूर्वी प्रत्येक दंतचक्राची परस्परसापेक्ष स्थिती खुणेने किंवा छायाचित्राने नोंदवावी. अनेक कॅमांच्या यंत्रणेत एका दात्याचा फरकही पापणी व जबडा यांचा मेळ बिघडवितो. चलित्राचा आस लांबीच्या दिशेने किंचित मोकळा असावा; पिनियन फार आत दाबल्यास तो धारव्यावर घासून जड होतो. जुळणीनंतर निम्म्या दाबावर यंत्रणा सावकाश चालवून प्रवाह मोजावा. पूर्ण आवर्तनात तो जवळजवळ सारखा राहिला पाहिजे. एखाद्या जागी उसळत असेल, तर तेथे घर्षण शिल्लक आहे. त्यानंतर त्वचा चढवून पुन्हा मोजावा. दोन मापनांतील फरक हा त्वचेचा भार होय. अखेरीस पूर्ण दाबावर अर्धा तास चालवून चलित्राचे तापमान पाहावे.

प्रतिबंध व सुरक्षितता : अडकलेले चलित्र स्वतःहून थांबत नसल्याने थांबविण्याची सोय बाहेरून करावी लागते. योग्य मापाची वितळतार, प्रवाह वाढताच रोध वाढविणारा घटक, ठरावीक वेळात आरंभस्थान न आल्यास पुरवठा तोडणारा कार्यक्रम, घसरता क्लच किंवा जोडदांड्यातील स्प्रिंग हे त्याचे प्रकार होत. यांपैकी निदान एक विद्युतीय व एक यांत्रिक उपाय असावा. वितळतार वारंवार जाते म्हणून जाड तार घालणे म्हणजे दोषाची सूचना देणाऱ्यालाच गप्प करणे होय.

गणेशोत्सवातील हलत्या देखाव्यांच्या बाबतीत ही दक्षता विशेष महत्त्वाची ठरते. तेथे यंत्रणा तासन् तास चालते. भोवती कापड, कागद, थर्मोकोल अशा ज्वालाग्राही वस्तू असतात आणि मूर्ती वेशभूषेने झाकलेली असल्याने चलित्र तापल्याचे कोणाच्या ध्यानी येत नाही. प्रत्येक चलित्राला स्वतंत्र वितळतार, त्याच्याभोवती हवेला वाट व पुरवठा एकदम तोडणारा, हाताशी असलेला स्विच एवढी व्यवस्था अत्यल्प खर्चात होते. तपासणी करताना पुरवठा तोडूनच हात आत घालावा. अडथळा दूर होताच थबकलेली यंत्रणा अकस्मात सुरू होऊन बोटे दंतचक्रांत सापडू शकतात. मोठ्या मस्तकांत द्रव वा संपीडित हवेच्या दाबावर चालणारे दट्टे असतात. त्यांतील दाब पुरवठा बंद केल्यावरही टिकून राहतो, म्हणून तो आधी मोकळा करावा लागतो.